घरातील जुने कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विद्वान वक्ते बोलवावेत अशी आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ते काम माझ्यासारख्या घरबशा बाईवर सोपविले, आणि विषयही तुम्हीच निवडा असे सांगितले. दोन दिवस मी विषय शोधीत होते. तिसऱ्या दिवशी साफसफाई काढली, कपाटाच्या वरच्या कप्प्यात हात घातला, आणि विषयच अंगावर कोसळला! विजेची बिले, लग्नपत्रिका, बँकेची पत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलांच्या प्रगतिपुस्तकांची पाने, अशी चळतच्या चळत खाली आली. मी तासभर तिथेच जमिनीवर बसून होते. आणि शेवटी काय केले असेल? सगळे गोळा केले आणि पुन्हा त्याच कप्प्यात कोंबले. आपण हसता आहात, त्या अर्थी आपल्याही घरी तसा एक कप्पा आहे, हे मी धरून चालते.

आपल्या स्वयंपाकघरात हिंगाची डबी अंधारातही हाताला लागते. पण घराचे खरेदीखत कोठे आहे, असे कोणी एकाएकी विचारले तर आपल्यापैकी कितीजणींना सांगता येईल? आपल्या घरांतून फार दिवसांपासून अशी वाटणी चालत आली आहे की, कागद पुरुषांचे आणि त्यांवरची धूळ बायकांची. आपण झटकायचे, पुन्हा नीट रचून ठेवायचे, पण उघडून वाचायचे नाही. आज मला बोलायचे आहे ते या वाटणीविषयी.

माझे माहेर अकोल्याचे आणि सासर अमरावतीचे. १९७४ साली मी सून म्हणून या गावात आले, तेव्हा आमच्या ओसरीवर खिळ्याला एक तार टांगलेली असे. वडीलधाऱ्या भगिनींना ती आठवत असेल. खालून वाकवलेली जाडशी तार, आणि तिच्यात आलेले प्रत्येक पत्र टोचून ठेवायचे. खाली जुने, वर नवे. पोस्टमन आला, पत्र वाचून झाले, की ते तारेत गेले. एक कार्ड मात्र तारेत कधी जात नसे. मयताची बातमी सांगणारे कार्ड वाचले की लगेच फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. बाकी सगळा गोतावळा त्या तारेत नांदत असे. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचा कापूस काय भावाने गेला, कोणाच्या मुलीला पाहायला कोण येऊन गेले, हे सर्व त्या एका तारेवर वाचायला मिळे. पोस्टकार्ड आपल्या देशात १८७९ साली आले, आणि तेव्हा त्याला पाव आणा पडे. पाव आण्यात सुखदुःख इकडून तिकडे जात असे.

आता मी माझी एक चूक सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९८४ सालच्या दिवाळीची गोष्ट. मामंजी जाऊन दोन वर्षे झाली होती. मी शिकलेली सून, घर टापटीप ठेवण्याची मला मोठी हौस. ओसरीवरची ती धुरकट तार आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्या डोळ्यांत सलत असे. एका दुपारी सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या असताना मी रद्दीवाल्याला हाक मारली. अडत्याच्या जुन्या पट्ट्या, वर्तमानपत्रे, पंचांगे आणि तारेतली सगळी पत्रे त्याच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो भरले. आलेल्या पैशांत मी दोन स्टीलचे डबे घेतले, आणि आपण मोठे काम केले म्हणून खुशीत होते.

चार दिवसांनी सासूबाईंनी विचारले, "सूनबाई, माह्या मायचे कार्डं कोठी ठेवले वं?"

त्यांची आई दर्यापूरकडच्या एका खेड्यात राहत असे. तिला लिहिता येत नव्हते. गावच्या मास्तरांकडून ती कार्ड लिहून घेई, आणि इकडे सासूबाईंना वाचता येत नसे, म्हणून मामंजी ते वाचून दाखवीत. सांगणारीला लिहिता येत नव्हते, ऐकणारीला वाचता येत नव्हते, तरी ती कार्डे मायलेकींचीच होती. आई गेल्यावर तिचे घरात दुसरे काही उरले नव्हते. फोटोसुद्धा नव्हता. मी खाली मान घालून सांगितले, "आई, मी रद्दीत दिली." त्या रागावल्या नाहीत. "बरं," एवढेच म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. पुढे अठरा वर्षे त्या हयात होत्या, त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. ते दोन डबे अजून घरात आहेत, आणि डाळ काढताना मला ते "बरं" ऐकू येते.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही माझ्या एका चुलत जाऊबाईंची आहे. त्या अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात राहतात, शाळा दोन यत्ता शिकलेल्या. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन १९८९ साली आपल्या अमरावतीत भरले होते. लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम तिथून पुढे आला, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. नवऱ्याने आपल्या जमिनीत बायकोचे नाव लावून द्यावे, हा तो कार्यक्रम. १९९२ साली सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढले. आमच्या भाऊजींनी त्या वेळी जाऊबाईंचे नाव सातबारावर लावून घेतले. त्या फेरफाराची नक्कल जाऊबाईंनी स्वतःकडे मागून घेतली, आणि लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिली. "त्यात माहं नाव हाये," एवढेच त्यांना ठाऊक होते.

२००९ साली भाऊजी गेले. वारसाची नोंद करण्याची वेळ आली तेव्हा दिसले की, नव्या उताऱ्यावर जाऊबाईंचे नाव नाही. नोंदी एकीकडून दुसरीकडे उतरविताना कोणाच्या तरी हातून ते गळले होते. घरातले कोणी म्हणाले, नाव कधी लागलेच नसेल. जाऊबाईंनी ट्रंक उघडली, शालूची घडी काढली, आणि कागद पुढे ठेवला. लेखनात राहून गेलेली चूक दुरुस्त करून मागता येते, त्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. हेलपाटे पुष्कळ पडले, पण नाव पुन्हा लागले.

मी पदवीधर, आणि चौदा किलो रद्दी देताना एक कागद वाचून पाहिला नाही. त्या दोन यत्ता शिकलेल्या, आणि एक कागद सतरा वर्षे जपला. त्या दिवसापासून मी कागदांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. मी जे शिकले ते असे की, घरातल्या कागदांचे चार ढीग पडतात: हक्काचे, मुदतीचे, मायेचे, आणि रद्दी. पसारा होतो तो कागद फार असतात म्हणून नव्हे. हे चार ढीग एकत्र कालवले जातात म्हणून होतो. मग कंटाळून एकतर आपण सगळेच ठेवतो, नाहीतर सगळेच देऊन टाकतो.

पहिला ढीग हक्काचा. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सातबारा व फेरफाराच्या नकला, जन्माचे, मृत्यूचे व लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, विम्याच्या पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, नोकरीचे व पेन्शनीचे कागद. हे कधीही टाकायचे नाहीत, माणूस गेल्यावरही नाहीत. आपल्याला वाटते, आजोबांचा शाळेचा दाखला आता कशाला हवा? पण नातवाची जातपडताळणी निघाली की त्याचीच शोधाशोध होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचाच कागद हवा. सातबारा आता घरबसल्या संगणकावरही मिळतो, ही सोय खरोखर मोठी आहे. परंतु जाऊबाईंचा अनुभव आठवा. नवा उतारा आजची नोंद दाखवितो. ती नोंद कशी झाली, हे जुना फेरफार सांगतो. खरेदीखत हरवले तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून प्रमाणित नक्कल मिळते, पण त्यासाठी दस्ताचा क्रमांक व साल ठाऊक असावे लागते. तेवढे तरी एका वहीत लिहून ठेवा.

बँकेविषयी दोन शब्द सांगते. ज्या खात्याला दहा वर्षे कोणी हात लावला नाही, त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या निधीत जाते. खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क मात्र बुडत नाही. बँकेत अर्ज करून ती मागता येते. अशा विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली "उद्गम" नावाचे संकेतस्थळही काढले आहे. हे पैसे का पडून राहतात? अनेकदा घरच्या बाईला ते आहेत हेच माहीत नसते म्हणून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नीला वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आणून बसविले. पण कायद्याने दिलेला हक्क हातात येतो तो कागदाच्या वाटेने. तो कागद कोठे आहे हेच ज्या बाईला ठाऊक नाही, तिने काय करावे?

दुसरा ढीग मुदतीचा. विजेची व पाण्याची बिले, घरपट्टीच्या पावत्या, वस्तूंच्या हमीची पत्रके, आयकराचे कागद, दवाखान्याचे कागद. यांचे आयुष्य ठरलेले असते, आणि ते संपले की त्यांना निरोप द्यावा. माझा नेम असा आहे: विजेची बिले तीन वर्षे, आयकराचे कागद आठ वर्षे, हमीपत्रक ती वस्तू घरात असेपर्यंत. घरपट्टीच्या पावत्या मात्र मी टाकीत नाही, त्या हक्काच्या ढिगाला जोडून ठेवते. दवाखान्याचे कागद मोठ्या आजाराचे असतील तर ठेवावेत, सर्दीपडशाचे नकोत. दर वर्षाचे एक पाकीट करावे आणि त्यावर साल लिहावे, म्हणजे टाकताना विचार करावा लागत नाही. आणखी एक: दुकानातून मिळणाऱ्या हल्लीच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, आणि उष्णतेनेच पुसल्या जातात. आपल्या वऱ्हाडच्या वैशाखात तर त्या कोऱ्याच होतात. फ्रीजची पावती असेल तर आणल्याबरोबर तिची झेरॉक्स काढून ठेवा.

तिसरा ढीग मायेचा. येथे मी नेम सांगणार नाही, कारण मायेला नेम नसतो. तरी जागेला मर्यादा असते. म्हणून एक पेटी ठरवावी, आणि त्या पेटीत मावेल तेवढेच ठेवावे. शंभर लग्नपत्रिकांपेक्षा आईच्या हातची दहा पत्रे मोलाची. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव व साल लिहा. ते आज तुम्हांला ठाऊक आहे, पण तुमच्या नातीला ते कोण सांगणार? आणि पेटी ज्यांची, त्यांना विचारल्याशिवाय त्यातला एक कागदही हलवू नका. हे मी कोणत्या अधिकाराने सांगते, ते तुम्हांला ठाऊक झालेच आहे.

चौथा ढीग रद्दीचा. हा सर्वांत मोठा निघतो, घाबरू नका. आमच्या घरी परवा पाच किलो निघाली, आणि तिच्यात एका जुन्या कुकरच्या माहितीपत्रकाच्या तीन प्रती होत्या. कुकर जाऊन वीस वर्षे झाली! मात्र ज्या कागदावर खात्याचा क्रमांक, आधारचा क्रमांक किंवा सही आहे, तो फाडून, तुकडे करून मगच द्यावा.

आता हे ठेवायचे कसे? आपल्याकडे कागदाचे वैरी तीन: वाळवी, ओल आणि उन्हाळा. ट्रंक जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नये, खाली विटा द्याव्यात. आत कडुनिंबाचा सुकलेला पाला किंवा वेखंड कापडाच्या पुरचुंडीत ठेवावे. ओला पाला कधीही ठेवू नये. कागदाला लोखंडी टाचणी लावू नये, ती गंजते व कागद खाते. रबरबँड उन्हात वितळून चिकटतात. मूळ दस्तावर प्लॅस्टिक चिकटवून घेण्याची हल्ली फार चाल पडली आहे, ती बरी नव्हे. एकदा चिकटलेले पुन्हा निघत नाही. जुने कारकून कागद सुती रुमालात बांधून ठेवीत, ती रीत अजूनही चांगली आहे. श्रावण सरला की एकदा सर्व कागद सावलीत वारा लागेल असे पसरावेत.

मुली म्हणतील, "आजी, आता सगळे फोनमध्ये असते." खरे आहे. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातली तार बंद झाली. २०२५ साली रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळून गेले. पोस्टमन येतो तो बहुतेक कचेऱ्यांचे लखोटे घेऊन येतो. सरकारी दाखले ठेवण्यासाठी २०१५ पासून डिजिलॉकरही आहे, आणि मी नातीकडून ते शिकून घेतले आहे. आपणही शिकावे. हक्काच्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो घरातल्या दोन माणसांकडे असू द्यावा. पण फोन हरवतो, बिघडतो, आणि त्याचा परवलीचा शब्द एकट्या मालकालाच ठाऊक असतो. पूर्वी ट्रंकेची किल्ली निदान घरात सापडत तरी असे! म्हणून फोटो असला तरी मूळ कागद सोडू नये.

एखादी म्हणेल, आपण साधी माणसे, आपले कागद कोण वाचणार? आपल्या अमरावतीचेच उदाहरण घ्या. दादासाहेब खापर्डे हे येथले नामांकित वकील. १८९७ साली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. दादासाहेब वर्षानुवर्षे रोजनिशी लिहीत. त्या रोजनिश्या जपल्या गेल्या, आणि आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शिरडीला ते १९१० मध्ये व पुन्हा १९११-१२ मध्ये राहिले, तेव्हाची रोजनिशी तर पुस्तकरूपाने घरोघरी वाचली जाते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही शिरडीत राहिल्या होत्या. परंतु त्यांच्या स्वतःच्या हातचे काही माझ्या वाचनात आलेले नाही. बायकांचे लिहिलेले असे पुष्कळदा हरवते. जिथे ते जपले गेले तिथे काय होते तेही पाहा. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८७ साली वयाच्या बाविसाव्या वर्षाआधीच वारल्या. त्यांची पत्रे राहिली, म्हणून काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिता आले, आणि म्हणून आपण त्यांना ओळखतो.

आता शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपण भजनाला जमतोच. त्याआधी एक तास "कागदांचा तास" ठेवावा. ज्या भगिनीला आपले कागद समजत नसतील तिने ते घेऊन यावे, आणि शिकलेल्या मुलींनी ते वाचून दाखवावेत. कागद तिचाच, तो तिच्याच हातात राहावा, आपण फक्त वाचायचे. घरोघरची रद्दी एकत्र विकून येणारे पैसे मंडळाच्या वाचनालयाला द्यावेत. आणि प्रत्येकीने एक वही करावी: कोणता कागद कोठे आहे, कोणत्या बँकेत काय आहे, कोणत्या खात्याला कोणाचे नाव लावले आहे. ती वही घरातल्या बाईच्या हस्ताक्षरात असावी. नवऱ्याला विचारून लिहा, दोघांनी मिळून लिहा. कोणी म्हणेल, हे अभद्र कशाला? भगिनींनो, आपण तिजोरीला कुलूप लावतो ते चोर यावा म्हणून नव्हे. हेही तसेच समजावे.

माझ्या सासूबाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मागच्या वर्षी मामंजींची एक जुनी जमाखर्चाची वही उलगडली, तेव्हा तिच्या पानांत एक पोस्टकार्ड निघाले. चौदा किलोंतून एवढे एकच वाचले होते. मास्तरांचे वळणदार अक्षर, शाई फिकट झालेली. मजकूर काय? तुरीची डाळ पाठविली आहे, पोचली की कळवावे, आणि लेकीने उन्हात हिंडू नये. बस्स. ते मी मायेच्या पेटीत सर्वांत वर ठेवले आहे, आणि मागे पेन्सिलीने दोघींची नावे लिहिली आहेत.

आपण घरी जाल तेव्हा तो वरचा कप्पा उघडा. एका दिवसात होणार नाही, रोज थोडे थोडे करा. पण प्रत्येक कागद हातात घेतलात की टाकण्याआधी एकदा वाचा, एवढीच माझी विनंती आहे.